‘पतावी दो’ म्हणतील, तिथे थांबा

बडोद्याच्या गोरव्यात रिफायनरी रोडवर कारखान्यांची पाळी सुटली की दुचाकींचा लोंढा येतो, आणि लांबचा वळसा चुकवायला त्यातले काही हमखास उलट्या दिशेनं घुसतात. गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा आमच्या गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. गाडी भाचा चालवत होता, मी शेजारी. मुलगा उठला, पाय झटकून म्हणाला, "कंई नथी थयुं." तोवर घोळका जमला होता आणि सगळ्यांचा एकच सल्ला: "पतावी दो ने, काका!" म्हणजे, मिटवून टाका. मी मुलाला पाणी देतोय तोवर भाच्यानं फोनवरून त्याला दोन हजार पाठवलेसुद्धा. वर मजकूर: ‘सॉरी, ॲक्सिडेंटचे.’

रात्री मुलाचा पाय सुजला, एक्स-रेत नडगीला चीर निघाली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दोन नातेवाइकांसह आमच्या दारात. "पोराला उडवलंत, पैसे देऊन तोंड बंद केलंत आणि दवाखान्यात न नेता निघून गेलात." पुरावा? तोच दोन हजारांचा स्क्रीनशॉट.

निभावलं ते एका कागदामुळे. घरी परतण्याआधी मी गाडी गोरवा पोलीस ठाण्याकडे घ्यायला लावली होती. "मामा, तो स्वतःच्या पायांनी गेला ना, आता कशाला?" म्हणून भाचा कुरकुरला. इकडे ‘जाणवाजोग’ नावाचा अर्ज देतात. भांडण नाही, फिर्याद नाही, फक्त घडलं ते पोलिसांच्या कानावर घालणं. त्याची शिक्क्याची प्रत आणि गाड्या हलवण्याआधी काढलेले फोटो जवळ होते. दुचाकीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, ते फोटोत स्वच्छ दिसत होतं. वडिलांचा आवाज उतरला. माणूस वाईट नव्हता, पोराचा पगार बुडणार या काळजीनं आला होता. त्यांना पॉलिसीचा नंबर दिला. तो त्यांचा हक्कच.

वकील मित्रानं नंतर कायदा उलगडून सांगितला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकावर तीन कामं टाकतं: जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. पोलीस जागेवर नसतील तर जवळचं ठाणं गाठायचं, उशिरात उशिरा २४ तासांत. टाळलं तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जमाव अंगावर येईल म्हणून लोक पळतात. ती भीती खोटी नाही आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. संतापलेल्या जमावामुळे मदत करता आली नाही, तर ते कारण ग्राह्य आहे. मात्र ते ठाण्यात जाऊन सांगावं लागतं. घरी जाऊन दार लावून घेणं यात बसत नाही.

भाच्याच्या दोन हजारांबद्दल तर मित्र उखडलाच. मोटार पॉलिसीत एक अट सर्रास असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा कबूल करायचे नाहीत. दयेपोटी दिलेली रक्कमही कागदावर कबुलीसारखी वाचली जाते. गॅरेजचंही तसंच. सर्वेक्षकानं पाहण्याआधी बंपर उघडलात तर दाव्यात फाटे फुटतात.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका ‘मला काही झालं नाही’ या वाक्यात आहे. ते म्हणणारा खोटं बोलत नसतो. धक्क्यात दुखणं कळत नाही. म्हणून त्याच्यावर विसंबू नये. गुजरातेत १०८ची रुग्णवाहिका २००७पासून फुकट येते, ती बोलवा. डॉक्टरांनी तपासल्याची नोंद दोघांच्याही कामाची. मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला उचलून रिक्षात कोंबू नका.

आणि बघ्यांनो, पतावण्याचा सल्ला देण्यापेक्षा फोन लावा. कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-अ सद्भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचं नसेल, तर सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही.