निरीक्षणगृहातील मातीचा तास

आपल्या भंडारा जिल्ह्याला मातीची ओळख करून द्यावी लागत नाही. पोळ्याचे बैल, जन्माष्टमीचा कानोबा, दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्यातला माठ असे निम्मे वर्ष कुंभाराच्या अंगणातूनच आपल्या घरी येते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपाच्या अवशेषांबरोबर खापरेही निघाली. राज्ये गेली, खापरे राहिली. अशा जिल्ह्यात कलाशिक्षणाचा विचार करताना एका वर्गाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. तो वर्ग म्हणजे निरीक्षणगृहात राहणारी मुले. या मुलांना मातीकाम का शिकवावे आणि कसे शिकवावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निरीक्षणगृह म्हणजे तुरुंग नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्यास 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. बाल न्याय मंडळापुढे चौकशी चालू असताना जे मूल जामिनावर सुटलेले नाही, ते निरीक्षणगृहात राहते. त्याच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नसतो. ते निर्दोष आहे असे मानूनच चालावे, हे या अधिनियमाचे पहिले तत्त्व आहे. चौकशी सर्वसाधारणपणे चार महिन्यांत पुरी व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तेव्हा आज वर्गात बसलेला मुलगा पुढच्या आठवड्यात तेथे असेलच, असे नाही. शिक्षकाने पाठाची सारी आखणी या एका गोष्टीवरून केली पाहिजे.

अशा मुलांच्या हाताला काम देण्याची कल्पना जुनी आहे. मुंबईत १८५७ साली सुरू झालेली, डेव्हिड ससून यांचे नाव धारण करणारी सुधारशाळा ही तिचे आरंभीचे उदाहरण होय. १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताचा मुलांविषयीचा स्वतंत्र कायदा १९२८ साली आला. या सर्वांमागे विचार असा की, मुलाला धंदा शिकवला म्हणजे तो सुधारेल. हा विचार चुकीचा नव्हे, परंतु अपुरा आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. हस्तोद्योग हे केवळ पोट भरण्याचे साधन नसून शिक्षणाचे माध्यम आहे, असे तिने सांगितले. शांतिनिकेतनात शिकलेले आणि स्वतः कुंभारकाम करणारे देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामला मुलांना कला शिकवीत होते. चांगले कारागीर घडविण्यापेक्षा मूल मोकळे होणे त्यांना मोलाचे वाटे. निरीक्षणगृहातील मातीकामाने धडा घ्यावयाचा तो सेवाग्रामकडून. चार महिन्यांत कुंभार तयार होत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

मग माती कशासाठी? शाळा सुटलेला मुलगा चित्रकलेचा कोरा कागद पाहून बिचकतो, कारण कागदावर त्याने गुण गमावलेले असतात. लाकूडकामास धारदार हत्यारे लागतात, ती तेथे देता येत नाहीत. चिखलात मात्र तो लहानपणी खेळलेला असतो. शिवाय मातीत चूक कायम राहत नाही. वाकडे झाले तर मोडावे, पाणी लावावे, पुन्हा मळावे. ज्याची एक चूक, किंवा चुकीचा नुसता संशय, कागदोपत्री कायम होऊन बसला आहे, त्या मुलाला हे हातांनी अनुभवावयास मिळणे ही लहान गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तलावाची चिकण माती खडे वेचून दोन दिवस भिजत घालावी, जाड कापडातून गाळावी आणि पोत्यावर पसरून जादा पाणी जाऊ द्यावे. तडे जाऊ नयेत म्हणून तीत थोडी बारीक रेती किंवा धानाचे तूस मिसळावे. माती मळण्याचे काम मुलांनीच करावे. अंगातला राग पुष्कळदा तेथेच उतरतो.

पहिल्या तासाला संत्र्याएवढा गोळा द्यावा. तळहातावर धरून मध्ये अंगठा रुतवावा, तळाशी बोटभर जाडी ठेवावी, आणि गोळा फिरवीत चिमटीने काठ वर आणावा. अर्ध्या तासात वाटी होते. जो एकदाच वर्गाला येईल, त्याच्याही हातून एक वस्तू पुरी व्हावी, एवढ्यासाठी हा पाठ पहिला. दुसऱ्या तासाला वळ्या करून एकावर एक रचाव्यात. जोडाच्या जागी चरे पाडून पातळ चिखल लावावा, नाहीतर सुकताना जोड सुटतो. तिसऱ्या तासाला बैल. नमुना समोर ठेवू नये. प्रत्येकाच्या मनात पोळ्याचा बैल असतोच. पोट फार जाड राहिल्यास आतून कोरावे, कारण जाड भाग सावकाश सुकतो, पातळ भाग लवकर आकसतो आणि मग तडा जातो. सुरी व तार यांऐवजी बांबूची चोई, करवंटीचा तुकडा आणि दोरा पुरतो. ही साधने मोजून द्यावीत, मोजून परत घ्यावीत. मात्र कुणा एकावर नजर ठेवल्यासारखे करू नये.

एखादा मुलगा चांगले झालेले काम सर्वांसमोर एका बुक्कीत चेपून टाकील. तेव्हा 'अरेरे' म्हणू नये, उपदेश करू नये. ओली माती त्याच्यापुढे सरकवावी. कुणी बंदूक केली, कुणी दार नसलेले घर केले, तर त्याचा अर्थ लावीत बसू नये. आणि 'तू काय केलेस?' हा प्रश्न त्या खोलीत कधीही विचारू नये. तो विचारणारे पुष्कळ आहेत.

सर्वांत महत्त्वाची बाब भाजणीची. सावलीत आठवडाभर सुकलेली वस्तूदेखील पाण्यात टाकली तर पुन्हा चिखल होते. आव्यात सुमारे सहाशे अंशांपलीकडे तापल्यावर मात्र मातीच्या अंगात बांधलेले पाणी निघून जाते. मग ती विरघळत नाही. म्हणून आव्याकडे नेण्यापूर्वी प्रत्येक मुलाला विचारावे : यातले काय ठेवायचे आणि काय पुन्हा भिजत घालायचे? हा निर्णय त्याचाच असावा. त्याच्याविषयीचे बाकीचे सर्व निर्णय दुसरेच घेत असतात. मातीकामाचे खरे शिक्षण या एका प्रश्नात आहे, असे मला वाटते.

कायद्याने या मुलांचे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तेव्हा वस्तूच्या तळाशी प्रत्येकाने आपली एखादी खूण उमटवावी, अंगठ्याचा ठसा असला तरी चालेल. मूल भाजणीपूर्वी घरी गेले, तर त्याची वस्तू अधीक्षकांमार्फत त्याला पोहोचती करावी. ती आपल्या प्रदर्शनासाठी ठेवून घेणे योग्य नव्हे.

राष्ट्रीय सेवा योजनेतील आपल्या मित्रांना हे काम अवघड नाही. जवळच्या कुंभारदादांना बरोबर घ्यावे, अधीक्षकांची रीतसर परवानगी काढावी आणि आठवड्यातून दोन तास द्यावेत. परंतु एका दिवसाचा कार्यक्रम करून परत यावयाचे असेल, तर न गेलेले बरे. येतो म्हणून न येणारी माणसे या मुलांनी पुष्कळ पाहिली आहेत. निदान एक सत्र, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, हातात भिजलेली माती घेऊन जो जाऊ शकेल, त्यानेच जावे.