आपल्याला येतं, ते दुसरीलाही यावं

सख्यांनो, या वेळच्या पाठात ग्रेस हॉपर यांची ओळख करून घेऊ. या अमेरिकेतल्या गणितज्ञ. 1931 पासून कॉलेजात गणित शिकवायच्या. महायुद्धात नौदलात गेल्या आणि 1944 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या 51 फूट लांब संगणकावर काम करू लागल्या. तो कसा चालवायचा, हे मोजक्याच लोकांना माहीत. तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं, याचं पुस्तक लिहा. 1946 मध्ये पाचशेहून जास्त पानांचं पुस्तक छापून आलं.

पुढे भाषणांत त्या फूटभर तारेचे तुकडे वाटायच्या. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर एका भागात वीज जास्तीत जास्त एवढीच पुढे जाते! अवघड गोष्ट अशी हातात दिली की पटकन कळते.

आपल्या गटात मोबाईलवरच्या नोंदी बहुतेक एकाच ताईला येतात. ती आजारी पडली की हप्ता भरूनही नोंद राहते, आणि पुढचं कर्ज अडतं.

पुढच्या बैठकीत करा:
1. नोंद करण्याच्या पायऱ्या ताईने सांगाव्यात, दुसरीने वहीत लिहाव्यात.
2. तिसरीने फक्त वही वाचून नोंद करून दाखवावी.
3. ती जिथे अडेल, तिथली पायरी पुन्हा सोपी करून लिहा.