खासदाराची दोन कामे : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

खासदाराने दिल्लीत काय करावे आणि आपल्या माणसांत येऊन काय करावे, याचा धडा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जीवनात मिळतो. ते १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेत होते.

त्यांच्यापुढे दोन मोठे प्रश्न होते. पहिला भूमिहीनांचा. राज्यघटनेनुसार जमीन हा राज्यांचा विषय. संसदेत कितीही भाषणे केली तरी पडीक जमिनीचे वाटप राज्य सरकारच्याच हाती. म्हणून दादासाहेब गावोगाव फिरले. १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशव्यापी झाला. असंख्य स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला.

दुसरा प्रश्न बौद्धांच्या सवलतींचा. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. परंतु अनुसूचित जातींच्या यादीचा कायदा संसदच बदलू शकते. १९६४ च्या मागण्यांत हीही मागणी होती. ती १९९० मध्ये मान्य झाली. दादासाहेबांचे महापरिनिर्वाण मात्र १९७१ मध्येच झाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज योग्य खिडकीवर दिला नाही तर तो परत येतो. आपला प्रश्न मुंबईचा की दिल्लीचा, हे आधी ओळखा. मग त्या सभागृहातील आपल्या प्रतिनिधीला जाब विचारा. आणि तो झगडत असेल तर त्याच्या पाठीशी संघटितपणे उभे राहा.