निफाडचा गहू चित्रात का नाही?

प्रश्न : व्हॅन गॉगने गव्हाची शेतं इतकी रंगवली. आमच्या निफाडकडेही फेब्रुवारीत गहू तसाच पिवळाधमक होतो. मग आपल्या चित्रांत, गाण्यांत तो का दिसत नाही? आणि कावळ्यांचं ते चित्र त्याचं शेवटचंच ना?
– निफाड तालुक्यातील एक वाचक

उत्तर : आधी कावळे उडवून लावू. ते चित्र जुलै 1890 मधलं, म्हणजे त्याच्या शेवटच्या महिन्यातलं खरं. पण शेवटचं म्हणून आता अभ्यासक झाडांच्या मुळांच्या एका चित्राकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर त्याचं त्याआधीच्या वर्षीचं कापणीवाल्याचं चित्र जास्त मोठं आहे. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातल्या खोलीच्या खिडकीतून शेत दिसायचं. रणरणत्या उन्हात विळा चालवणाऱ्या माणसात त्याला मृत्यू दिसला, आणि त्या मृत्यूत दुःखी असं काही नाही, असं त्याने भावाला कळवलं.

तिकडे गहू म्हणजे रोजचा पाव, म्हणून जगणं-मरणं सगळं त्याच्या शेतात आलं. मिलेच्या 1857 च्या चित्रात तीन बायका कापणीनंतरचा सरवा वेचताना दिसतात. मागे गाड्या भरताहेत, सुगीचा डोंगर उभा आहे, आणि पुढे या तिघी वाकलेल्या. असला सरवा आपल्याकडच्या गरीब बायकांनीही पिढ्यान्‌पिढ्या वेचला. तो रंगवायला मात्र कोणी मिले आला नाही.

आपल्या ताटात रोजची भाकरी. त्यामुळे शेतातलं गाणं ज्वारी-बाजरीच्या वाट्याला गेलं. ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, तिला पाखरांपासून राखावं लागतं. माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर उभा राहणारा माणूस गाणारच. कापणीला भलरी व्हायची. महानोरांच्या कवितेतही भेटतो तो जोंधळा. गव्हाला असा राखणदार लागत नाही, त्याची कुसळं बऱ्यापैकी राखण करतात. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, वारल्यांची कणसरी माता आहे, पण तिथलं धान्य भात-नागली. भिंतीवरचा पांढरा रंगसुद्धा तांदळाच्या पिठाचा.

गहू मात्र घरात आला आणि तिथे त्याने मान मिळवला. ओटीत तो, पुरणपोळीत तो. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ पाहुणा आला की बहीण गहू दळायला काढते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कुठे हे भांडार कागदावर आलं.

आणि घटस्थापना बघा. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरून गहू पेरतात, मधोमध घट, वर रोजची एक माळ. देवघरातल्या अंधारात ऊन न मिळाल्यामुळे रोपं उंच, नाजूक आणि पिवळसर होतात. दसऱ्याला तीच उपटून टोपीत, फेट्यात खोवतात. शेतातला गहू रब्बीचा. त्याची पेरणी अजून व्हायची असते, आणि त्याच्या आधी वीतभर गहू गावातून डोक्यावर मिरवून येतो. व्हॅन गॉगपुढे ठेवायला मला एवढं शेत पुरे वाटतं.

एक गोष्ट चित्रकार सहसा बोलत नाहीत. ब्रॉयगेलच्या 1565 च्या सुगीच्या चित्रात गहू जवळजवळ माणसाच्या खांद्याला लागतो. आपले जुने वाणही उंच असायचे, वाऱ्यात लोळायचे. मग 1960 च्या दशकात कृषिशास्त्रज्ञ बोरलॉग यांचे मेक्सिकन बुटके वाण आले. त्यांचा बुटकेपणा नोरिन-10 या जपानी वाणाकडून आलेला. खत-पाणी दिलं तरी पीक आडवं पडेना, उतारा वाढला. 1967 मध्ये ‘उपकार’ आला, मनोजकुमार नांगर धरून पडद्यावर गायला, आणि पुढच्याच वर्षी टपाल खात्याने गहू क्रांतीचं तिकीट काढलं. गव्हाला सरकारी आणि फिल्मी प्रतिष्ठा मिळाली ती अशी, पण तोवर तो जेमतेम कमरेपर्यंत उरला होता! निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने पुढे काढलेल्या त्र्यंबक, तपोवन या वाणांची नावंही तुमच्या ओळखीची असतील. ‘गोदावरी’ हा त्यांतला बन्सी, म्हणजे कठीण दाण्याचा गहू.

आता तुमच्याच शिवारात फिरा. द्राक्ष आणि कांद्याने गव्हाला कोपऱ्यात ढकललंय, तरी तुकडे आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन कलल्यावर, सूर्याकडे तोंड करून बांधावर बसा, म्हणजे प्रत्येक कुसळ वेगळं पेटल्यासारखं दिसतं. फोटो काढायचा तर मालकाला विचारून घ्या आणि पीक तुडवू नका. मार्च उजाडायच्या आत जा. पंजाबकडची हार्वेस्टर शिवारात शिरली की एकराचं काम तासाभरात उरकतं.