राहत्या घराला खोल्या जोडताना

मोकळ्या जागेवर नवं घर बांधणं त्या मानानं सोपं असतं. राहत्या घराला तीन-चार खोल्या जोडायच्या ठरल्या, की दोन वेगळ्या वयांची बांधकामं शेजारी उभी राहतात. जुन्या घरानं कितीतरी पावसाळे पाहिलेले असतात, ते जमिनीत बसायचं तेवढं बसून गेलेलं असतं. नवं मात्र अजून बसायचं असतं. म्हणून अशा कामाचं दुखणं बहुतेक वेळा सांध्यावर निघतं. शिवाय बांधकामाचा प्रत्येक टप्पा मागच्याला झाकत जातो: माती पायाला, काँक्रीट सळईला, गिलावा विटेला. भिंत किती चढली यावर प्रगती मोजू नका. झाकण्याआधी काय तपासलं गेलं, त्यावर मोजा.

पुढची कृती एक नमुना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. तालुक्याचं गाव, काळी माती, 9 इंची विटांच्या भारवाही भिंतींचं जुनं घर आणि त्याच्या बाजूला सुमारे 600 चौरस फुटांची आरसीसी जोड.

आधी खड्डा, मग नकाशा

नकाशा काढण्याआधी जुन्या भिंतीलगत एक छोटा खड्डा घ्या. पाया किती खोल आहे, दगडी आहे की विटांचा, तो काळ्या मातीतच थांबला आहे की मुरमापर्यंत गेला आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्वतः पाहू द्या. बाजूला वाढवायचं की वर मजला चढवायचा, याचा निर्णय इथंच होतो. भिंती दगडमातीच्या असतील तर वर मजल्याचा विचार सोडून द्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जड धाब्याची, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं कशी कोसळली, हे मराठवाड्यानं पाहिलं आहे. असल्या भिंतींवर आणखी भार टाकणं म्हणजे खाली झोपणाऱ्यांचा जीव धोक्यात घालणं.

कागदपत्रांचं काम याच काळात उरका. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, हद्दीची मोजणी, वडिलोपार्जित घर असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यात 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. शिल्लक चटई क्षेत्र आणि सोडायचं सामासिक अंतर तिच्यावरून ठरतं. बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका.

मजुरीचा ठेका चौरस फुटावर दिला, तरी पैसे टप्प्याटप्प्यानं द्या: जोतं, लिंटेल, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवा आणि हे पहिल्याच दिवशी बोलून लिहून घ्या. दिवाळीनंतर सुरुवात केली तर पाया कोरड्या दिवसांत निघतो, स्लॅब जूनच्या आधी पडतो आणि आतला गिलावा पावसाळ्यात निवांत करता येतो.

आखणी

फक्की टाकण्याआधी एकच पातळी पक्की करा: जुन्या घराच्या फरशीची. पाण्याची नळी लावून ती खूण प्रत्येक कोपऱ्यात न्या. नव्या फरशीची आणि तिच्याखालच्या मसाल्याची जाडी त्यातून वजा केली की कोब्याची पातळी मिळते. इथं चूक झाली तर जुन्या आणि नव्या खोलीच्या दारात कायमची पायरी येते आणि घरातली म्हातारी माणसं रोज तिथं अडखळतात. कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला एका बाजूवर 9 फूट, दुसरीवर 12 फूट मोजा. कर्ण बरोबर 15 फूट आला पाहिजे.

पाया

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथं द्यावा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतीला दर वर्षी हलवते. फूटिंग काळ्या मातीत ठेवू नका. खाली मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत जा. तो फार खोल असेल, तर इंजिनिअर खालच्या टोकाला फुगीर असलेल्या पाइल सुचवतील. खर्च वाढेल, पण तो टाळू नका.

नवा खड्डा जुन्या पायापेक्षा खोल जाणार असेल, तर जुन्या भिंतीच्या कडेनं सलग चर कधीही खणू नका. भिंतीखालची माती बाजूनं मोकळी होते आणि भिंत एका रात्रीत खचू शकते. त्यावर चांगला उपाय म्हणजे कॉलमची पहिली ओळ जुन्या भिंतीपासून तीन-चार फूट लांब घ्यायची आणि तिथून बीम भिंतीच्या दिशेनं बाहेर काढायचे. त्यामुळे नवं फूटिंग जुन्या पायाला भिडत नाही. जागाच नसेल, तर भिंतीलगतचे खड्डे तीन-चार फूट लांबीच्या तुकड्यांत, एक सोडून एक खणा. पहिला काँक्रीटनं भरून घट्ट झाला की मगच शेजारचा उघडा.

खड्डा तयार झाला की तळ पाहिल्याशिवाय पीसीसी टाकू देऊ नका. जोत्याची भरणी मुरमाची करा, खणून निघालेली काळी माती पुन्हा आत ढकलू नका. 6-6 इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. पावसाच्या तोंडावर खड्डे उघडे राहता कामा नयेत. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणीचा दाखला घ्या. तो नसला तर पुढे भोगवटा प्रमाणपत्र अडतं.

सळई, कॉलम, स्लॅब

आलेली सळई वजनावर तपासायला सोपा हिशेब आहे: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162 म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. 12 मिमीची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.7 किलो भरली पाहिजे. बांधणीत तीन गोष्टी पाहा. रिंगांची टोकं नुसती काटकोनात न वळवता 135 अंशांत आत वळवली आहेत का. सगळ्या सळयांचे जोड एकाच उंचीवर तर आलेले नाहीत ना. कव्हर ब्लॉक बसले आहेत का: फूटिंगला 50 मिमी, कॉलमला 40, स्लॅबला 20.

600 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे 250 घनफूट, अडीच ब्रास. एम-20 च्या 1:1.5:3 मिश्रणाला सिमेंटच्या साधारण 57 गोण्या लागतात; बीमचं वेगळं. आदल्या दिवशी गोण्या मोजून ठेवा आणि पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. भारतीय मानक 456 नुसार या मिश्रणाला गोणीमागे 30 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, त्यातच ओल्या वाळूतलं पाणीही आलं. माल सरकत नाही म्हणून कोणी बादली ओतायला निघाला तर त्याला तिथंच थांबवा. व्हायब्रेटर आणि त्याचं इंधन आधीच तयार हवं.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवा. पीपीसी सिमेंटला 10 दिवसांच्या खाली जाऊ नका, 14 उत्तम. टेकू साध्या सिमेंटला 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली 7 दिवस, त्याहून मोठ्याखाली 14. बीमखाली 6 मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21 दिवस. पीपीसीला आणखी काही दिवस द्या. सेंटरिंगवाल्याला पाट्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, त्याची अडचण खरी असते. तरी टेकू हलवू देऊ नका.

सांधा

जुनी भिंत आणि नवा सांगाडा यांच्यात कमीत कमी 25 मिमीची मोकळी फट पायापासून गच्चीपर्यंत सरळ राहिली पाहिजे. जुन्या भिंतीत टाचे मारून नव्या विटा त्यात गुंतवणं किंवा जुन्या भिंतीवर नवा स्लॅब टेकवणं, या दोन्ही कामांना मनाई. फटीत डांबर पाजलेला फायबर बोर्ड भरा. चुरा, मसाला, विटांचे तुकडे आत पडू देऊ नका. ते अडकले की फट फट राहत नाही.

गच्चीवर फटीच्या दोन्ही बाजूंना छोटी उंच कड बांधा आणि वर पत्र्याची झाकणपट्टी बसवा. पट्टी एकाच बाजूला खिळवायची, दुसरी मोकळी. आतल्या भिंतीवरच्या पट्टीलाही हाच नियम. फरशीची लादी सांध्यावरून आडवी नेऊ नका, तिथं सरळ रेघेत थांबवा. गिलावेकरी सवयीनं ही फट बुजवतात, म्हणून त्या दिवशी घरातल्या कोणीतरी तिथं थांबावं.

आरपार दार

जुन्या भिंतीतून दार काढण्याचं काम सगळ्यात शेवटी, नव्या बाजूला छत आणि दारं-खिडक्या लागल्यावर. तोवर धूळ आणि पाऊस राहत्या खोल्यांत येत नाहीत, स्वयंपाकघर चालू राहतं.

भिंत भारवाही आहे, म्हणून घण घालून सरळ भोक पाडायचं नाही. वरचा स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उचलून धरा. दाराच्या माथ्यावर अर्ध्या जाडीची खाच काढा, आत तयार लिंटेल किंवा लोखंडी गर्डर सरकवा, दोन्ही टोकांना किमान 6 इंच टेकण मिळू द्या, आणि वरची पोकळी कोरड्या घट्ट मसाल्यानं ठासून भरा. तो पक्का झाला की पलीकडच्या बाजूनं उरलेली अर्धी जाडी तशीच करा. दोन्ही बाजू भार घेऊ लागल्यावर खालच्या विटा हातानं, वरून खाली काढत या.

उरलेलं

नव्या खोल्यांसाठी वीजभार वाढवून घ्या, आणि वेगळा बोर्ड व स्वतंत्र अर्थिंग द्या. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा, म्हणजे पाणी पायाकडे मुरत नाही. भोगवटा प्रमाणपत्र घेऊन घरपट्टीवर नवं क्षेत्र लावून घ्या.

सांध्याजवळच्या भिंतींना पहिल्या वर्षी नुसता प्रायमर मारून ठेवा. कुठं बारीक चीर दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. पावसाळा संपेपर्यंत चीर रेघेच्या पुढे गेली नाही, तर ती भरून दिवाळीआधी रंग द्या. गेली असेल, तर रंगाऱ्याआधी इंजिनिअरला बोलवा.