समुद्रात उतरण्याआधी पंचांग बघा

१. तिथी आधी, हॉटेल नंतर. माल्टाजवळच्या कोमिनो बेटाचे निळेशार फोटो बघून लोक स्कूबासाठी मालवण गाठतात आणि पाणी हिरवट दिसलं की हिरमुसतात. तिकडे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीतभर. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, पाणी त्यामानाने निवळ. पर्वणी बघून गोदेत डुबकी मारणाऱ्या नाशिककरांना तिथीचं महत्त्व सांगायला नको. इथे फक्त अमावास्या-पौर्णिमा टाळायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात जलक्रीडा बंदच असतात. आणि मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या बाजूला पाणी गढूळ असणारच.

२. पोहता येतं म्हणून मिरवू नका. नाशिकला त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात वर्षानुवर्षं पोहणारे सवयीने हातपाय मारतात, दम धरतात. स्कूबात नेमकं हेच करायचं नसतं. दम धरून वर आलात तर दाब कमी होऊन फुफ्फुसातली हवा फुगते, इजा होऊ शकते. आमच्या गटातल्या एक मावशी कधी नाशिकच्या गांधी तलावातही उतरल्या नव्हत्या. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यालगत पाण्याखाली सगळ्यांत निवांत त्याच होत्या. सांगितलं तेवढंच करत होत्या ना! हात मारायची हौस असेल तर डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, तिकडे नाव नोंदवा.

३. कान दुखायची वाट बघू नका. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, पण कानाला त्रास पहिल्या दोन-तीन मीटरांतच सुरू होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, थोडं खाली जायचं, पुन्हा फुंकायचं. सर्दी असेल तर बेत रद्द. पैसे गेले तरी चालतील.

४. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवलात तर प्रशिक्षक इमानेइतबारे वर आणून सोडेल. सगळं ठीक असेल तर अंगठा-तर्जनीचा गोल करायचा.

५. फोटोसाठी माशांना ब्रेड टाकू नका, टाकू देऊही नका. प्रवाळाला हात नको. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ओरखडा आपल्यालाच उठतो.

६. परतीचा घाट हिशेबात धरा. हे फारसं कुणी सांगत नाही. डाइव्हनंतर रक्तात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या तर १८ तास थांबायला सांगतात. घाट म्हणजेही उंचीच, नाशिक स्वतःच समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. किल्ल्याजवळची उथळ डुबकी त्यामानाने किरकोळ. खोल डाइव्ह करणाऱ्यांनी मात्र ओले कपडे गाडीत टाकून लगेच आंबोली घाट चढू नये. आम्ही डाइव्ह पहिल्या सकाळी उरकतो. किल्ला, तिथल्या दूधविहीर-साखरविहीर-दहीविहीर आणि बांगड्याचं ताट दुसऱ्या दिवशी. डाइव्हच्या आधी तर बांगडा नकोच, होडी डोलते.