खंडोबाची टेकडी : उघड्यावरचा एक पाठ

इतिहास आणि भूगोल ही पुस्तके वेगवेगळी असली, तरी जमिनीवर हे दोन्ही विषय एकत्रच नांदतात. विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष पाहता यावे, म्हणून बीड शहराच्या पूर्वेकडील खंडोबाच्या टेकडीवर आम्ही त्यांना पायी नेतो. चढण सोपी आहे; लहान मुलेही न दमता माथ्यावर पोहोचतात. पावसाळा सरतानाची सकाळ, सोबत वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली, एवढी तयारी पुरते. बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिक' आहे, म्हणजे 'या आणि पाहा' असे सांगणारा आहे. अभ्यासाचीही याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

पहिला पाठ पायाखालच्या दगडाचा. हा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. चढताना आम्ही मुलांना एक साधा प्रयोग करावयास लावतो. बाटलीतील थोडे पाणी उघड्या खडकावर ओतावे आणि तेवढेच गवताच्या मुळाशी. खडकावरचे पाणी तत्काळ खाली पळते. गवताखालची माती ते हळूहळू पिऊन घेते. डोंगर उघडा पडला की गावाची विहीर का आटते, हे मग फळ्यावर लिहून दाखवावे लागत नाही.

माथ्यावर मंदिर आहे आणि उंच दीपमाळा आहेत. तेथून शहर दिसते आणि शहराला दुभंगून जाणारे बिंदुसरेचे पात्रही. बालाघाटात उगम पावलेली ही नदी सिंदफणेला मिळते व सिंदफणा गोदावरीला. याच बालाघाटात पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. ती दूरचे वळण घेऊन तेलंगणाच्या सीमेजवळ गोदावरीलाच मिळते. आष्टीच्या कडेने जाणाऱ्या सीनेचे पाणी मात्र भीमेतून कृष्णेला जाते. म्हणजे आपला जिल्हा इतरांना पाणी वाटून देणारा आणि स्वतः टँकरची वाट पाहणारा! आणि हीच बिंदुसरा जुलै १९८९ च्या पुरात शहराच्या वस्त्यांत शिरली व माणसे वाहून गेली. टंचाई व पूर या एकाच उताराच्या दोन बाजू आहेत.

जुन्या काळच्या लोकांनी हा उतार ओळखला होता. शहराच्या दक्षिणेकडील खजाना विहीर सोळाव्या शतकातील, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या राजवटीतील आहे. तिचे पाणी मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर, भूमिगत मार्गाने शेतांपर्यंत जाई. ती बांधविणारा जहागीरदार सलाबतखान याचे नाव इतिहासाने जपले. खडक फोडणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. येथे आम्ही मुलांना विचारतो : पाणी गावात असणे आणि ते आपणांस मिळणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच प्रश्नापायी. तळे भरलेलेच होते.

शेवटचा पाठ घरचा आहे. बालाघाटच्या उतारांवर सीताफळ वाढते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. त्याचा बहर संपत येतो, त्याच सुमारास गावोगावचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याच्या परिसरात कोप्या पडतात. मुले वसतिगृहात राहतात. 'आमचेच आईबाप का जातात?' हा प्रश्न त्यांच्या मनात असतो. नशीब किंवा मागच्या जन्मीचे पाप हे त्याचे उत्तर नव्हे. त्याला कारणे आहेत : कमी पाऊस, उघडे डोंगर, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून व पाण्यापासून दूर ठेवलेली माणसे. जे कारणांनी घडले, ते कारणे बदलल्यास बदलते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या मजुरांच्या कष्टांची दखल घेऊनच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. कामाचा हक्क असा उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या रेट्यातून कागदावर उतरला.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. सुट्टीत आपल्या मुलासोबत गावाजवळच्या एखाद्या टेकडीवर चढावे. गावचे पाणी कोठून येते, कोठे जाते, जुना आड कोणी खोदला आणि त्यावर कोणाला मज्जाव होता, ते त्याला सांगावे. ज्याला आपल्या गावाचा उतार कळला, तो पाणी अडविण्याची जागाही शोधू शकेल.